दहावी विनंती

सोमवार, १ सप्टेंबर

पहाटेच्या बसने सान होसेहून निघाले आणि साडेनऊला इलोइलोत हजर! आईने बांधून दिलेली सुक्या मासळीची पुडकी, तांदळाची गोणी आणि गुळाचा डबा असं सगळं घेऊन जीपनीत, म्हणजे शहरातल्या लांबलचक शेअर जीपमध्ये, चढले, तर ड्रायव्हर म्हणाला, "इन्दाय, पोरी, नोकरीला चाललीस की दुकान टाकायला?" सगळी जीपनी हसली. मीही हसले. आज मला कुणी काहीही म्हटलं असतं तरी मी हसलेच असते.

ऑफिस हारो चौकात, चष्म्याच्या दुकानावर. पाच टेबलं, एक पंखा, आणि माझ्या वाट्याला खिडकी! खिडकीतून चर्च दिसतं. आमच्याकडे सप्टेंबर लागला की नाताळ सुरू, म्हणून खाली चष्मेवाल्याने आजपासूनच नाताळची गाणी लावली आहेत.

साहेब म्हणजे सर एल्मर. गोल, हसरे, अत्तर जरा जास्तच. काम त्यांनी मला पाच मिनिटांत समजावलं. शहरातली लहान लहान दुकानं, म्हणजे दातांचा डॉक्टर, बिस्किटांची बेकरी, शिलाई मशीनवाला, यांना स्वतःच्या गिऱ्हाइकांना ईमेल लिहायला वेळ नसतो आणि जमतही नाही. ते आपण लिहायचं. पण सर ईमेल म्हणू देत नाहीत. पत्र म्हणायचं. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की शेजारणीने कुंपणावरून हाक मारली.

शेजारणीसारखं बोलायला मला शिकवावं लागेल का? मी डोंगराळ आन्तिके प्रांतातली, तिथे सगळ्याच शेजारणी!

राहायची सोयही झाली. शेजारच्या टेबलावरच्या मनांग, म्हणजे ताई, बेबेथने ला पाझमधल्या तिच्या घरातली मागची खोली दिली आहे. माझा नवरा आर्नेल जहाजावर नोकरीला आहे; त्याच्या बोटीवर नेट मिळालं की त्याला सगळं सांगणार.

गुरुवार, ४ सप्टेंबर

मनांग बेबेथ इथे बारा वर्षं आहे. याद्या तिच्या ताब्यात. कुणाचं नाव, कुणाचा पत्ता, कोण पत्र उघडतं, कोण न उघडताच फेकून देतं, सगळं तिला पाठ. मला ती 'डोंगरातली' म्हणते आणि दुपारी स्वतःच्या वाटीतलं बाचोयचं गरम शेवयांचं सूपही मलाच देते.

आज तिने मला 'पुगाद'ची यादी दाखवली. पुगाद म्हणजे घरटं. लहान बाळांच्या वस्तूंचं दुकान, मालकीण मॅडम टेची. दिवस गेलेल्या बायका तिथे नाव नोंदवतात, बाळंतपणाची तारीख देतात, ठरवलं असेल तर बाळाचं नावही. मग दर शुक्रवारी सकाळी दहाला त्यांना पत्र जातं. बाळ या आठवड्यात काय करतंय, त्याला काय लागेल, आणि शेवटी दुकानातली एखादी वस्तू. फार गोड कल्पना आहे. सगळ्या पत्रांची सुरुवात 'पलांग्गा', म्हणजे लाडके, अशी. माझी आजी मला तशीच हाक मारायची.

कोणी कधी पत्र उघडलं ते पडद्यावर दिसतं. एक बाई दर शुक्रवारी दहाच्या ठोक्याला उघडते. एकही शुक्रवार चुकलेला नाही. क्लॅरिबेल पास्तोर. सर तिला 'आमची राणी' म्हणतात. मॅडम टेचीला दर महिन्याला जो अहवाल जातो त्यात सगळ्यात वर ही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज जरा मन खट्टू झालं.

पुगादच्या पत्रांना येणारी उत्तरं वाचायचं काम माझ्याकडे आलं. बहुतेक किरकोळ. पण क्लॅरिबेल पास्तोरची नऊ निघाली. पहिलं गेल्या ऑक्टोबरचं. 'माझी मुलगी यान्ना दोन दिवसांची होऊन गेली. कृपया माझं नाव यादीतून काढा.' दुसरं नोव्हेंबरचं, तेच. नववं ऑगस्टचं, एकच ओळ: 'मी हात जोडते.'

प्रत्येक पत्राच्या तळाशी 'यादीतून नाव काढा' अशी लिंक असते. तीही तिने किती वेळा दाबली आहे! दाबली की 'तुमची विनंती पोचली' असं येतं. पुढे काहीच होत नाही. मनांगला विचारलं तर म्हणाली, पुगादसाठी सरांनी ती तशीच ठेवायला सांगितली आहे. यादी घटली की मॅडम टेची कुरकुर करते.

मी सरांकडे गेले. ते हसले. म्हणाले, "नको असतं तर उघडलं असतं का तिने? दर आठवड्याला? दहाच्या ठोक्याला?" मग म्हणाले की २६ तारखेला त्या मुलीचा पहिला वाढदिवस येतो. यादीत नाव आहे, तारीख आहे, मग छान वाढदिवसाचं पत्र लिही. तुझ्या हाताला गोडवा आहे.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

लिहिलं.

खरं सांगायचं तर लिहिताना मी त्या बाईचा विचारच केला नाही. एक वर्षाची पोर कशी धरून धरून चालते, केकमध्ये मूठ कशी घालते, असं लिहीत गेले. सुरुवात: 'पलांग्गा, आज तुझी यान्ना एक वर्षाची झाली!' सरांनी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, सहा महिन्यांनी तुला नोकरीत कायम करायचं ते बघू म्हणालो होतो, पण तसं पाहिलं तर आत्ताच बघायला हरकत नाही.

मला आनंद झाला. इथे खोटं लिहीत नाही. फार आनंद झाला.

बुधवार, १७ सप्टेंबर

ती आली होती.

सकाळचे अकरा. सर बाहेर, मनांग बँकेत. दारात एक बाई उभी. तिशीची असेल, इस्त्रीचा निळा ब्लाउज, केस ओले, नीट विंचरलेले. हातात पुगादच्या पत्रांची छापून आणलेली चळत. तिने आपलं नाव सांगितलं. क्लॅरिबेल पास्तोर.

मला वाटलं आरडाओरडा करेल. नाही केला. म्हणाली, "मी दुकानात गेले होते. त्यांनी इथला पत्ता दिला. तुम्ही लिहिता का ही?"

मी म्हटलं, हो, आता मीच.

"चांगली लिहिता."

मी पाणी दिलं. ते तिने घेतलं नाही. मी कशी कोण जाणे, सरांचाच प्रश्न तिला विचारून बसले. नको आहेत तर उघडता का?

ती म्हणाली, "त्यात तिचं नाव असतं. घरात कुणी घेत नाही. नवरा घेत नाही, आई घेत नाही, मला वाईट वाटेल म्हणून. तिचं नाव घेणारे जगात तुम्ही एकटेच. म्हणून उघडावंच लागतं. म्हणून म्हणते, बंद करा. पाठवलंत तर मी उघडणारच."

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, आजच काढते, आता तुम्हाला कुणी त्रास देणार नाही.

तिने माझा हात हातात घेतला आणि माझं नाव विचारलं. मी सांगितलं. जिना उतरताना ती ते पुटपुटत होती, पाठ करत असल्यासारखी. नोएमी, नोएमी.

मनांग आल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, "यादीला हात लावशील तर सर तुझं नाव आधी काढतील, डोंगरातले." तिला तीन पोरं शिकवायची होती, बारा वर्षांत तिने असं कधी केलं नाही म्हणाली.

उद्या सरांशी नीट बोलेन.

शनिवार, २० सप्टेंबर

मला दिवस गेले आहेत!

सकाळी औषधाच्या दुकानातून पट्टी आणली. दोनदा पाहिलं. दोन रेघा. आर्नेलला कळवलं. त्याची बोट कुठल्या तरी बंदराबाहेर नांगर टाकून आहे. तो फोनवर रडला, मग गायला, मग त्याच्या मागे सगळे इंजिनवाले गायले. ऑगस्टमध्ये धक्क्यावर निरोप घेतानाच आम्ही नाव ठरवलं होतं. मुलगा असो की मुलगी, आमिहान. कुणालाही सांगायचं नाही, अगदी आयांनाही नाही.

सरांशी बोलणं राहिलं. ते मनिलाला गेले होते. आणि आता नोकरी घालवून चालणार नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

दहाला पत्र गेलं.

मी थांबवू शकले असते. मनांगचा संगणक उघडाच होता, ती खाली पाव आणायला गेली होती. एक ओळ पुसायची होती. मी तिच्या खुर्चीत बसलेसुद्धा. मग जिन्यावर तिच्या चपला वाजल्या आणि मी उठले.

दहाला उघडलं गेलं. दहा एकला पुन्हा. मग पुन्हा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकेचाळीस वेळा. सर म्हणाले, बघ, म्हणत नव्हतो? आणि त्यांनी तो आकडा मॅडम टेचीला कळवला.

मंगळवार, ३० सप्टेंबर

मनांगने सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. तिला बाजारात कळलं.

शुक्रवारी दुपारी क्लॅरिबेल पास्तोर ओर्तिसच्या धक्क्यावरून गिमारास बेटावर जाणाऱ्या पंपबोटीत, लाकडी मोटरबोटीत, बसली. पंधरा मिनिटांचा प्रवास. बोट पलीकडे लागली तेव्हा बाकावर तिच्या सपाता, पर्स आणि एक कागद होता. बाई नव्हती. काल ती ब्वेनाव्हिस्ताच्या किनाऱ्याला सापडली.

कागद म्हणजे माझं पत्र. पलांग्गा, आज तुझी यान्ना.

सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की याचा आपल्याशी काही संबंध नाही, बाई आधीपासूनच आजारी असणार, आणि बाहेर कुणी बोलायचं नाही. मग मनांगला म्हणाले, नाव काढ. मनांगने माझ्यादेखत काढलं. इतकं सोपं होतं. एक बटण.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

दहाला पत्रं गेली. दहालाच पहिलं उघडलं गेलं. क्लॅरिबेल पास्तोर.

मनांगने ते पुन्हा काढलं. मग आम्ही दोघींनी मिळून यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. नाव नाही. पडद्यावर मात्र आहे. उघडलं: १०.००. उघडलं: १०.०१.

सर म्हणाले, कुणी नातेवाईक फोन वापरत असेल. नाव यादीत नाही तर पत्र गेलंच कसं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

मॅडम टेचीचा फोन आला होता. चिडलेल्या. तुमच्याकडून मला हे काय आलं म्हणाल्या. त्यांना आलेलं पत्र त्यांनी आमच्याकडे पाठवलं:

'पलांग्गा, तुझ्या विनंतीनुसार तुझं नाव यादीतून काढलं आहे. आता तुला कुणी त्रास देणार नाही.'

पाठवणाऱ्याचा पत्ता आमचाच. पण आमच्यापैकी कुणी पाठवलेलं नाही. सरांनी माफी मागितली, तांत्रिक घोटाळा म्हणून सांगितलं.

'आता तुला कुणी त्रास देणार नाही.' हे वाक्य माझं आहे. दारात उभं राहून मी म्हटलेलं. तेव्हा तिथे तिसरं कुणी नव्हतं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

दुपारी पुगादवर गेले. मॅडम टेची दुकानाबाहेर फुटपाथवर बसलेल्या होत्या, नटूनथटून, पर्स मांडीवर. मला पाहून त्यांनी माझा दंडच धरला. "तू तर ओळखतेस ना मला? सांग त्यांना!"

आत गेले. गल्ल्यावर त्यांची धाकटी बहीण होती. म्हणाली, ही बाई दोन दिवस येते, दुकान माझंच म्हणते, बिचारी. आम्हाला मोठी बहीण नाहीच. दुकान आमच्या आईने मला दिलं. भिंतीवर दोघींचा फोटो असायचा, तिथे आता एकटीचा आहे. तीच चौकट. तीच जागा. बाजूला एक हात टाकलेला, रिकाम्या हवेवर.

ऑफिसात येऊन सरांना सांगितलं. सरांना आणि मनांगला मॅडम टेची आठवते. ऑफिसातल्या बाकीच्या दोघींनी विचारलं, कोण टेची?

क्लॅरिबेलच्या बाबतीत ज्यांचा हात होता त्यांनाच आठवतं आहे.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

दहाला सरांना पत्र आलं. त्यांनी ते उघडायच्या आतच फोन बंद केला. हसले. ते हसू मला बघवलं नाही.

सोमवार, २० ऑक्टोबर

साडेनऊला ऑफिसात आले तर सरांच्या खुर्चीत मॅडम लिझल. सरांची बायको. सगळे तिला 'मॅम' म्हणून कामं विचारत होते, जशी ती कायमच तिथे बसते. मला म्हणाली, खिडकीतली, आज बेकरीचं पत्र दे.

सर खाली चष्मेवाल्याच्या पायरीवर भेटले. दाढी वाढलेली, अत्तर नाही. शनिवारी दुपारी ते मुलीला नाचाच्या क्लासवरून आणायला गेले. बेटिना, सात वर्षांची. ती त्यांना बघून किंचाळली. हा माणूस माझं नाव कसं घेतो म्हणून शिक्षिकेच्या मागे लपली. घरी गेले तर लिझलने दाराची साखळी काढलीच नाही. आतून पोलिसांना फोन केला.

ते म्हणाले, "माझं ठीक आहे. पण तिने माझ्या तोंडावर दार लावलं तेव्हा बेटिना तिला विचारत होती, मम्मी, मला पप्पा का नाहीत? म्हणजे तिच्या मनात जागा आहे अजून. नुसती जागा. ती तशीच ठेवली आहे त्या क्लॅरिबेलने."

मग त्यांनी मला विचारलं की आपण तिचं नाव त्या दिवशीच काढलं असतं तर हे टळलं असतं का. मी म्हटलं, हो सर. आणि वर आले. मला त्यांची कीव आली नाही. हे लिहायला नको, पण नाही आली. ते हसले होते.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

मनांगला आज आलं.

ती आठवडाभर रोज सकाळी चर्चमध्ये मेणबत्त्या लावत होती. क्लॅरिबेलसाठी, यान्नासाठी, मोठ्या मोठ्या. पत्र वाचून तिने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि पर्स उचलली. घरी जाते म्हणाली, क्रिस्टेल घरी आहे तोवर पोचते. मीही तिच्यामागे धावले.

क्रिस्टेल, तिची धाकटी, अंगणात कपडे वाळत घालत होती. मला बघून हसली. मग आपल्या आईकडे बघितलं आणि मला विचारलं, "मनांग नोएमी, ह्या कोण आल्या तुमच्याबरोबर?"

बेबेथ तिच्याजवळ गेली. लेकीला तिच्या जन्मखुणा सांगितल्या, शाळेतली टोपणनावं सांगितली, तापात कुठलं गाणं म्हणायची ते म्हणून दाखवलं. क्रिस्टेल घाबरून घरात गेली. शेजारच्या बायका जमल्या. बारा वर्षं जिच्याकडून मीठ-साखर उसनी नेली, तिला त्यांनी हात धरून रस्त्यापर्यंत सोडलं.

जाताना ती वळून मला म्हणाली, "तू तर नुसती लिहीत होतीस, नाही का ग, डोंगरातले?"

मी अजून तिच्या घरात राहते आहे. तिच्याच घरात.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

दहा वाजता.

'पलांग्गा, तुझा बारावा आठवडा! आमिहान आता लिंबाएवढा झाला आहे. बोटांना नखं फुटताहेत. तो मूठ उघडतो, मिटतो.'

खाली दुकानातली वस्तू नाही. खाली लिहिलं आहे: 'तुझ्यासाठी घाई नाही. तू मला पाणी दिलं होतंस. तू माझ्या डोळ्यांत बघितलं होतंस.'

मी कुठेही नाव नोंदवलेलं नाही. आमिहान हे नाव कुणालाही —

तळाशी लिंक होती. यादीतून नाव काढा. मी दाबली. वीस वेळा दाबली.

'तुमची विनंती पोचली.'

शनिवार, १ नोव्हेंबर

दफनभूमीत गेले. भर दुपारी. आज मृतांच्या आठवणीचा दिवस, सगळं शहर तिथेच असतं. छत्र्या, डबे, पोरं, मेणबत्त्या. एका दगडावर दोन नावं सापडली. क्लॅरिबेल. यान्ना. शेजारी एक म्हातारी बसली होती. क्लॅरिबेलची आई.

मी गुडघे टेकले. सगळं सांगितलं. कोण, काय, कधी. लपवलं नाही काही. तुमच्या मुलीशी बोला म्हटलं, तुम्ही आई आहात, तुमचं ऐकेल. माझ्या पोटात बाळ आहे. त्याने काही केलेलं नाही.

म्हातारीने भात वाढून घेतला, खात राहिली. मग म्हणाली, "ती नऊ पत्रं मी टाइप केली. तिचे हात थरथरायचे. मी म्हणायचे, पुन्हा लिहू, या वेळी कुणी भला माणूस वाचेल." माझ्याकडे बघितलं. "तू वाचलंस."

मी रडले.

"तिला थांबव म्हणून मी सांगायचं? मी रोज सकाळी तिला सांगते, कुणाला सोडू नकोस."

सोमवार, ३ नोव्हेंबर

आईला फोन केला. पलीकडून तिचाच आवाज. कोण हवंय, बाई?

मी म्हटलं, आई, मी.

माझे दोन्ही मुलगे शेतावर गेलेत म्हणाली. मुलगी नाही मला. देवाने दिली नाही. आवाज तुमचा गोड आहे हं, म्हणाली. आणि ठेवला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आर्नेल. व्हिडिओवर. केस कापलेत त्याने. बघून हसला, ओळखीचं नव्हे, सभ्य हसू. मॅडम, चुकून लागला का?

मी लग्नाचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. तो नीट बघू लागला. मग मी फोटो फिरवून स्वतः पाहिला. तो एकटाच उभा आहे. हात वाकवलेला.

आमिहान म्हटलं. फक्त तेवढंच म्हटलं. त्याचा चेहरा क्षणभर — काहीतरी हललं. मग म्हणाला, छान नाव आहे. कुणाचं?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

ऑफिसात माझ्या खिडकीत दुसरी मुलगी. क्रिस्टेलने दार उघडलं नाही. माझी मागची खोली भाड्याने द्यायचीच नाही म्हणते.

चौकात बाकावर बेबेथ दिसली. हाक मारली. तिने पाहिलं. जिला तरी आठवायला हवं होतं तीसुद्धा — तिलाही आता मी —

डायरी आहे. पेन आहे. पोट आहे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सरकारी दवाखाना. नऊ वाजता. इथे नावाशिवाय नंबर देतात म्हणून आले. डॉक्टरबाईंनी यंत्र पोटावर टेकवलं. ठोके! भरभर, भरभर. सगळं ठीक आहे म्हणाल्या. बाहेर बस, फाइल करते.

तो आहे. मला ओळखणारं जगात एक तरी आहे.

दहा.

पत्र आलं. 'पलांग्गा, तुझ्या यादीत दोनच नावं उरली. एक काढायचं आहे. दहा मिनिटांत. तू निवड. मला कुणी निवडू दिलं नव्हतं.'

दोन चौकोन.
नोएमी.
आमिहान.

इथे विचार कसला करायचा? बाळाला हात लावू देणार नाही. मी माझ्यावर खूण केली. घे. मला घे, संपव, पण तो राहू दे, कुणाच्या तरी —

उत्तर आलं.

'धन्यवाद. तुझ्या विनंतीनुसार नोएमी हे नाव काढलं आहे. बाळ: आमिहान. आई: क्लॅरिबेल पास्तोर.'

नाही. नाही नाही, हे मी नाही — मी असं म्हटलं नव्हतं —

नर्स दारात आली. हातात फाइल. सगळ्या रांगेतून माझ्याकडेच बघते. हसते, ओळखीची असल्यासारखी. क्लॅरिबेल म्हणून हाक मारली. शेजारची बाई मला कोपराने ढोसते, अग, तुलाच.

मी उठणार नाही. मी लिहीत राहणार. मी नोएमी. मी नोएमी तु — आडनाव — आन्तिकेची. आर्नेलची. मी उठणार नाही.

पाय उठले.

पुन्हा हाक. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून हो आलं, तिच्या आवाजात, शांत, ओल्या केसांचा वास — हात अजून माझा आहे, एवढा हात — ही वही कुणाला सापडली तर त्याचं नाव आमिहान आणि त्याची आई मी, मी, मी न